गारपिटीचा अंदाज : दीडशे वर्षांत काय कळलं आणि काय नाही



दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमधली गोष्ट. हरभरा काढून रानातच सुडी लावली होती. मळणी यंत्र दुसरीकडं गुंतलेलं, आपला नंबर चार दिवसांनी. सोमवारी मोबाईलवर इशारा आला – विजांसह पाऊस, वादळी वारे, तुरळक ठिकाणी गारपीट. दोन गडी लावून सुडी झाकली, दोऱ्या आवळल्या, कडेनं दगड ठेवले. थेंबसुद्धा पडला नाही. मंगळवारी कडक ऊन, म्हणून खालचा माल घामेजू नये यासाठी ताडपत्री काढली. संध्याकाळी परत इशारा, परत झाकली. परत काही नाही.

बुधवारी तिसऱ्यांदा इशारा आला तेव्हा शेजारचे अण्णा बांधावरून म्हणाले, "अरे, तुझ्या मोबाईलातलं आभाळ वेगळं आणि आपलं वेगळं. किती वेळा झाकशील?" मलाही पटलं. ताडपत्री घडी घालून शेडमध्ये ठेवली.

त्या दिवशी चार वाजता पश्चिमेकडून आभाळ उठलं. आधी गार वारा, मग धूळ, मग गारा. वीस मिनिटांचा खेळ. सुडी भिजली, घाटे फुटून दाणे चिखलात गेले. ओढ्यापलीकडच्या वाडीत मात्र एक गार पडली नाही. तिथली माणसं आमच्याकडं बघायला आली होती.

तेव्हापासून डोक्यात एकच प्रश्न होता. गारपीट खरंच सांगता येते का? की नुसतं "तुरळक ठिकाणी" म्हणून हात वर करायचे? त्यावर जमेल तसं वाचत गेलो. उत्तर इतिहासात सापडलं. ते आज लिहितो. लांब आहे, पण सुगीच्या आधी एकदा वाचून ठेवा.

सुरुवात मोजण्यापासून

३० एप्रिल १८८८. उत्तर प्रदेशातल्या मुरादाबाद भागात गारपीट झाली आणि त्यात २४६ माणसं मेली. सोळाशेच्या वर शेळ्यामेंढ्या गेल्या. गारपिटीत एका वेळी इतकी माणसं गेल्याची दुसरी नोंद नाही. जागतिक हवामान संघटनेच्या विक्रमांच्या यादीत आजही हीच घटना आहे.

त्या वेळी आपल्याकडे हवामान खातं नव्हतं असं नाही. ते १८७५ मध्ये सुरू झालेलं होतं. १८६४ चं कलकत्त्याचं चक्रीवादळ आणि त्यानंतर १८६६ आणि १८७१ मध्ये पावसानं दिलेली ओढ, यातून ते उभं राहिलं. हेन्री ब्लॅनफर्ड हे त्याचे पहिले प्रमुख. तारेनं ठिकठिकाणचे आकडे यायचे, नकाशे निघायचे, मान्सूनचा अंदाजही सुरू झाला होता. पण गारपीट त्या जाळ्यात सापडायचीच नाही. कारण साधं आहे. दोन वेधशाळांमध्ये शंभर-दोनशे किलोमीटरचं अंतर आणि गारांचा पट्टा पाच-दहा किलोमीटर रुंद. मोठ्या भोकांच्या जाळ्यात बारीक मासा कसा अडकणार?

ब्लॅनफर्ड यांच्यानंतर १८८९ मध्ये जॉन एलियट प्रमुख झाले. त्यांनी एक काम केलं, जे दिसायला छोटं आहे. गारपिटीच्या नोंदी गोळा केल्या. १८८३ ते १८९७ या काळातल्या ५९७ गारपिटी त्यांनी तपासल्या आणि १८९९ मध्ये त्यावर लेख प्रसिद्ध केला. त्या ५९७ पैकी १५३ वेळा गारा तीन सेंटिमीटर किंवा त्याहून मोठ्या होत्या, म्हणजे चौथा हिस्सा. यातून उद्याची गारपीट सांगता येत नव्हती. पण कुठल्या भागात, कुठल्या महिन्यात धोका, हे पहिल्यांदा कागदावर आलं. अंदाजाची पहिली पायरी नोंदवहीची असते. ती सरकारी कचेरीत असो नाहीतर आपल्या खिशात.

२८ खरे, ७२ खोटे

त्याच सुमाराला अमेरिकेत जॉन फिन्ली नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं धाडस केलं. तिकडं गडगडाटी ढगांतून जमिनीपर्यंत उतरणारी चक्री वावटळ येते, तिला टोर्नॅडो म्हणतात. गारा, वादळी वारा आणि टोर्नॅडो ही एकाच घरातली भावंडं; तिन्हींचा ढग एकाच जातीचा. १८८४ च्या मार्चपासून तीन महिने फिन्लीनं देशाचे भाग पाडून रोज "आज इथं टोर्नॅडो होईल" किंवा "होणार नाही" असे अंदाज केले. एकूण २,८०३. आणि जाहीर केलं की आपले ९६ टक्क्यांहून जास्त अंदाज बरोबर आले.

त्यावर टीकाकारांनी त्याच वर्षी उत्तर दिलं. गडी रोज उठून नुसतं "होणार नाही" म्हणाला असता तर ९८ टक्के बरोबर आला असता!

आता खरा हिशोब बघा. फिन्लीनं १०० वेळा "होईल" म्हटलं. त्यातले २८ खरे ठरले, ७२ खोटे. आणि २३ वेळा त्यानं "होणार नाही" म्हटलं तिथं टोर्नॅडो झाला. म्हणजे एकूण ५१ टोर्नॅडोंपैकी निम्म्याहून थोडे जास्त त्यानं आधी सांगितले होते. १८८४ साली, हातात फक्त जमिनीवरचे आकडे असताना. हे कमी आहे का? लोकांनी मात्र ७२ खोटे मोजले. माझ्या ताडपत्रीचंही तेच झालं. मी दोन खोटे मोजले आणि तिसऱ्याला झोपलो.

पुढं अमेरिकेच्या हवामान खात्यानं टोर्नॅडो हा शब्दच अंदाजातून काढून टाकला. लोक घाबरतील म्हणून. ही बंदी १९३८ पर्यंत राहिली. पन्नासेक वर्षं त्या विषयावर धूळ बसली. खोट्या इशाऱ्याची भीती इशारा देणाऱ्यालाही असते, हे त्यातून दिसतं.

पुण्यात सुटलेलं कोडं

दरम्यान महत्त्वाचं पाऊल पडलं ते आपल्याकडं. १९२८ मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात. तेव्हा खात्याचे प्रमुख होते चार्ल्स नॉर्मंड. तोवर फुग्याला उपकरणं बांधून वर सोडायची सोय झाली होती. त्यामुळं जमिनीपासून वर दर उंचीला हवा किती गरम, किती दमट, हे कळू लागलं होतं. बंगालमध्ये चैत्र-वैशाखात येणारी कालबैशाखी वादळं, तिथली गारपीट आणि वारा, हा खात्यापुढचा मोठा प्रश्न होता.

नॉर्मंड यांनी १९३८ मध्ये जे मांडलं ते आपल्या भाषेत सांगतो. जमिनीलगतची दमट हवा वर ढकलली तर सुरुवातीला ती आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड असते. जड असल्यानं खाली यायला बघते. म्हणजे वर एक झाकण आहे असं समजा. पण कुणीतरी तिला जोर लावून त्या झाकणापलीकडं नेलं, तर तिच्यातली वाफ पाणी होताना उष्णता सोडते, ती आजूबाजूपेक्षा गरम होते आणि मग स्वतःच सुटते. वर दहा-बारा किलोमीटरपर्यंत. सायीखाली दूध शांत दिसतं आणि एकदम उतू जातं, तसं.

या लपलेल्या जोराला त्यांनी सुप्त अस्थिरता म्हटलं. झाकण फोडायला लागणारा जोर किती आणि फुटल्यावर मिळणारा जोर किती, हे फुग्याच्या आलेखावर मोजता येतं. आता तुमच्यातली काही पोरं मोबाईलवर केप नावाचा आकडा बघतात ना? तो हाच, झाकण फुटल्यानंतर मिळणारा जोर.

शेतकऱ्यासाठी यातला मुद्दा एवढाच की सकाळचं स्वच्छ आभाळ म्हणजे धोका टळला असं नाही. झाकण पक्कं असेल तर दुपारपर्यंत ढगाचा पत्ता नसतो. खाली ऊन आणि दमटपणा साठत राहतो, आणि तीन-चार वाजता झाकण फुटलं की जे सुटतं ते जोरात सुटतं. उलट झाकण फुटलंच नाही, तर तेवढीच दमट आणि तेवढीच तापलेली हवा असूनही थेंब पडत नाही. माझ्या सोमवार-मंगळवारी बहुधा हेच झालं असावं. इशारा खोटा नव्हता. हवा तयार होती, झाकण निघालं नाही.

हवा कळली, जागा नाही

आता पुन्हा अमेरिकेत जाऊ, कारण या ज्ञानाची परीक्षा तिथं झाली. २० मार्च १९४८. ओक्लाहोमा राज्यातला टिंकर हा हवाई दलाचा तळ. रात्रपाळीला रॉबर्ट मिलर नावाचा कॅप्टन, त्या भागात नुकताच आलेला. जोराचा वारा सुटेल एवढाच त्याचा अंदाज होता, गडगडाटी वादळाचा नाही. रात्री दहाच्या सुमारास टोर्नॅडो थेट तळावर आला. उघड्यावर उभी विमानं मोडली, नुकसान एक कोटी डॉलरच्या घरात. चौकशीला वरून अधिकारी आले आणि म्हणाले, दैवी कोप आहे, हे सांगता येण्यासारखं नव्हतं.

तळाच्या जनरलचं समाधान झालं नाही. त्यानं मिलर आणि त्याचा वरिष्ठ मेजर फॉबुश यांना सांगितलं, बघा काही सापडतं का. दोघांनी जुन्या टोर्नॅडोंच्या दिवसांचे नकाशे काढले आणि समान काय आहे ते शोधलं. खाली दमट वारा, वर कोरडी हवा, आणखी वर जोराचा वारा, आणि हे सगळं एका जागी.

पाचव्या दिवशी, २५ मार्चला, सकाळचा नकाशा जवळपास तसाच निघाला. जनरलनं विचारलं, इशारा देणार का? दुपारी तीनच्या आसपास दोघांनी दिला. विमानं आत घेतली, माणसं सुरक्षित जागी हलवली. संध्याकाळी सहाच्या सुमारास दुसरा टोर्नॅडो त्याच तळावर आला. नुकसान झालंच, साठ लाख डॉलरचं, पण माणूस गेला नाही.

ही गोष्ट सांगताना लोक त्यांना जादूगार ठरवतात. पण नीट बघा. त्यांना हवा कळली होती, जागा कळलेली नव्हती. तोच टोर्नॅडो वीस किलोमीटर बाजूनं गेला असता तर अंदाज खोटा ठरला असता, आणि कदाचित पुढचं काम तिथंच थांबलं असतं. नशिबानं हात दिला. पण तयारीची हवा ओळखता येते हे सिद्ध झालं. याच दोघांनी १९५३ मध्ये जमिनीवर किती मोठी गार पडेल याचा अंदाज बांधायची पद्धतही प्रसिद्ध केली.

सगळेच ढग गारा का टाकत नाहीत?

हवा तयार असली तरी दहा ढग उठतात आणि एखादाच झोडपतो. हे का, ते कळायला विमानं ढगात घालावी लागली. १९४६ मध्ये फ्लोरिडात आणि १९४७ मध्ये ओहायोत होरेस बायर्स आणि रॉस्को ब्रॅहम यांनी युद्धातून मोकळी झालेली विमानं एकाच वेळी वेगवेगळ्या उंचीवरून गडगडाटी ढगातून नेली. त्यातून कळलं की साधा ढग तासाभराचा सोबती असतो. आधी वर जाणारा झोत, मग झोत आणि पाऊस दोन्ही, मग स्वतःचाच पाऊस झोतावर पडून तो विझतो. स्वतःच्या पाण्यानं स्वतःची चूल विझवणारा ढग.

मग मोठ्या गारा टाकणारा ढग का विझत नाही? याचं उत्तर ९ जुलै १९५९ ला इंग्लंडमध्ये मिळालं. वोकिंगहॅम गावावरून गेलेल्या गारांच्या वादळावर एकाच वेळी अनेक रडारची नजर होती. कीथ ब्राऊनिंग आणि फ्रँक लुडलॅम यांनी ते आकडे जोडून ढगाची आतली रचना काढली. या ढगात वर जाणारा झोत तिरपा होता. त्यामुळं पाऊस आणि गारा झोताच्या बाहेर, बाजूला पडत होत्या. चूल वेगळी, पाणी वेगळं. म्हणून तो विझत नव्हता. अशा ढगाला पुढं ब्राऊनिंग यांनीच सुपरसेल हे नाव दिलं.

झोत तिरपा आणि वेगळा राहायला एक गोष्ट लागते. खालचा वारा आणि वरचा वारा यांची दिशा आणि वेग यांत मोठा फरक हवा. आता आपल्याकडचं बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये वरती पश्चिमेचे जोराचे वारे अजून आपल्या डोक्यावर असतात. खाली समुद्रावरून दमट वारा आला की फरक तयार. शिवाय शून्य अंश तापमानाची पातळी तेव्हा साधारण चार-साडेचार किलोमीटरवर असते. पावसाळ्यात ती पाच किलोमीटरच्या वर जाते आणि छोटी गार खाली येईपर्यंत वितळते. ऐन पावसाळ्यात इतके ढग असून गारा क्वचित, आणि रब्बी काढणीच्या तोंडावर मात्र गारा, याचं कारण हे आहे. ढगात शून्याच्या खालीही पाणी न गोठता राहतं, ते गारेवर थराथरानं बसतं, आणि गार तोलून धरायला झोत लागतो. लिंबाएवढी गार तोलायला वर जाणारा वारा ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास हवा. मोठी गार पडली म्हणजे वर काय चाललं होतं ते समजून घ्या.

वाऱ्याची सही पिकावर

गारांइतकंच नुकसान वारा करतो. केळी, मका, पपई, द्राक्षाचा मांडव. त्याचा उलगडा टेड फुजिता या जपानी शास्त्रज्ञानं केला. १९४५ मध्ये अणुबॉम्बनंतर हिरोशिमा-नागासाकीची पाहणी करताना त्यांनी पाहिलं होतं की स्फोटाच्या खालच्या बिंदूपासून झाडं चहूबाजूंनी बाहेर पडली आहेत. तीस वर्षांनी अमेरिकेत वादळानंतर विमानातून पाहताना जंगलात तसाच आकार दिसला. २४ जून १९७५ ला न्यूयॉर्कमध्ये उतरताना एक प्रवासी विमान कोसळून शंभरहून जास्त माणसं गेली, तेव्हा त्यांनी सांगितलं की ढगातून थंड हवेचा लोंढा सरळ खाली कोसळतो, जमिनीवर आपटतो आणि चहूकडं पसरतो. आधी बऱ्याच जाणकारांनी मानलं नाही. रडारनं नंतर ते खरं ठरवलं.

आपल्यासाठी यात कामाची गोष्ट आहे. वादळानंतर पीक कुठल्या दिशेला लोळलं ते बघा. एका बाजूला सगळं सरळ, तर पुढं सरकणारा वारा. मधल्या जागेपासून चहूबाजूंनी बाहेर, तर वरून कोसळलेला लोंढा. पंचनाम्याच्या फोटोबरोबर दिशाही लिहून ठेवा. अभ्यासकांना अशा नोंदी शेतातूनच मिळू शकतात. आणि गारांच्या आधी येणारा तो गार वारा म्हणजे त्याच लोंढ्याची पुढची कड. तो अंगाला लागला की पाच-दहा मिनिटं हातात असतात, कधी तेवढीही नाही.

२०१४ आणि आज

आपल्याला सगळं पहिल्यांदा एकत्र दिसलं ते २०१४ मध्ये. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत, एक दिवस नाही, दोन आठवड्यांहून जास्त, विदर्भ, मराठवाडा, उत्तर आणि मध्य महाराष्ट्रात गारा पडत राहिल्या. गहू, हरभरा, ज्वारी, कांदा, द्राक्ष, डाळिंब, सगळं ऐन हातातोंडाशी आलेलं. ज्यांनी पाहिलं त्यांना वर्णन नको. त्यानंतर बारामतीच्या अजैविक ताण संस्थेनं गारपिटीवर पुस्तिका काढली, आणि गारपीट म्हणजे अपवाद नाही, नियोजनात धरायची गोष्ट आहे, हे कृषी खात्यापासून बागायतदारापर्यंत सगळे बोलू लागले.

आज अंदाज तीन टप्प्यांत येतो आणि तिन्हींमागं वर सांगितलेली माणसं आहेत. पहिला टप्पा एक ते पाच दिवसांचा. हवामान खात्याचा जिल्हावार इशारा, पिवळा, नारिंगी, लाल. हा नॉर्मंड, फॉबुश, मिलर यांच्या वाटेचा. हा सांगतो की हवा तयार होणार आहे. तुमचं शिवार तो सांगत नाही, सांगू शकतही नाही. "तुरळक ठिकाणी" ही पळवाट नाही, तेवढंच प्रामाणिकपणे माहीत असतं.

दुसरा टप्पा तीन तासांचा, ज्याला तात्काळ इशारा म्हणतात. हा रडारचा, ब्राऊनिंगच्या वाटेचा. ढग उठलेला आहे, कुठं सरकतोय ते दिसतंय. याला मर्यादा आहे. पृथ्वी गोल असल्यानं आणि रडारचा किरण किंचित वर धरलेला असल्यानं २०० किलोमीटरवर तो जमिनीपासून सुमारे चार किलोमीटर उंच गेलेला असतो. रडारपासून लांबच्या तालुक्यांना ढगाचं डोकं दिसतं, पाय दिसत नाहीत.

तिसरा टप्पा अर्ध्या तासाचा. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी ॲप आपल्या भोवतीच्या २० ते ४० किलोमीटरमधल्या विजा दाखवतं. एखाद्या ढगात विजांची संख्या एकदम वाढली, तर त्यातला झोत जोर धरतोय असं समजावं. हा टप्पा माल वाचवायचा नाही, माणसं आणि जनावरं वाचवायचा. झाडाखाली थांबायचं नाही, ट्रॅक्टरवर बसून घाई करायची नाही, गडीमाणसं पक्क्या घरात.

माझा हिशोब

आता ताडपत्रीकडं येतो. सुडी झाकायला दोन गड्यांची मजुरी धरून मला ८०० रुपये पडले. सुडीतल्या मालाची किंमत ४०,००० च्या आसपास. म्हणजे पन्नास इशाऱ्यांतला एक जरी खरा ठरला तरी झाकणं फुकट जात नाही. फिन्लीचे शंभरातले २८ खरे होते, तेही १८८४ मध्ये. मग मी दोन खोट्यांवर हिंमत का हरलो? कारण मी विचारत होतो, "अंदाज बरोबर आला का?" विचारायला हवं होतं, "झाकायला किती लागतं आणि न झाकता किती जाईल?"

हाच हिशोब उलटाही चालतो. द्राक्षात गोडी भरायच्या आधी घड उतरवले तर निम्मा भाव जातो. तिथं एका पिवळ्या इशाऱ्यावर कात्री लावणं वेडेपणा. तिथं जाळी, आधार, आणि पक्का इशारा येईपर्यंत थांबणं. वादळी वाऱ्याचा इशारा असताना उभ्या गव्हाला, मक्याला पाणी देऊ नये, ओल्या रानात पीक लवकर लोळतं. पाणी एक दिवस पुढं ढकलायला काही खर्च नाही, म्हणून ते साध्या इशाऱ्यावरही करावं. पिकलेला माल काढायचा की ठेवायचा हे पाच दिवसांच्या अंदाजावर ठरवावं, झाकायचं आदल्या दिवशी, आणि तीन तासांच्या इशाऱ्यावर फक्त जीव सांभाळावा. कामाच्या खर्चाप्रमाणं इशारा वापरायचा. सगळे इशारे एका काट्यावर तोलायचे नाहीत.

मुरादाबादच्या माणसांना अर्धा तास आधीही कुणी सांगू शकलं नाही. आपल्याला पाच दिवस आधी हवा सांगितली जाते, तीन तास आधी ढग, अर्धा तास आधी वीज. ओढ्याच्या अलीकडं की पलीकडं, हे आजही आदल्या दिवशी कुणी सांगत नाही. ते सांगतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. पण तेवढं कळत नाही म्हणून बाकीचं कळलेलं टाकून देणं, हा तोटा आपल्याच सुडीत जातो.

गेल्या मार्चमध्ये चार वेळा झाकलं. चारही वेळा कोरडं गेलं. अण्णा बांधावरून हसले. मी म्हटलं, "अण्णा, ३,२०० गेले, माल घरात आला." या वर्षी त्यांनीही ताडपत्री आणली आहे. म्हणाले, "तुझी उसनी मागायला नको म्हणून."

एक विनंती. तुमच्या गावात गारा पडल्या तर पाच गोष्टी वहीत लिहा – तारीख, सुरू झाल्याची वेळ, किती मिनिटं, गार केवढी (ज्वारीएवढी, हरभऱ्याएवढी, बोराएवढी, लिंबाएवढी) आणि वारा कुठून. शिवाय आदल्या दिवशी इशारा होता की नाही तेही. खोटे ठरलेले इशारेसुद्धा लिहायचे, तेच लिहायला माणूस विसरतो. तीन-चार वर्षांत आपल्या शिवाराचा आपलाच हिशोब तयार होईल.

काळजी घ्या. राम राम.